पाणी प्या, नेट घ्या, विचारू नका

सन दोन हजार तेवीस. मला सदुसष्ट पूर्ण होऊन वर तीन महिने झाले होते, आणि एका लॅपटॉपचं नेट वाचवता वाचवता मी भर रस्त्यात एका भल्या माणसाला चोर म्हणालो. तेच सांगायला बसलोय. पण आधी माझा धंदा काय ते सांगतो, नाहीतर कुणाला काही कळायचं नाही.

मी मोरेश्वर, केळव्याचा. शाळा चौथीपर्यंत, तीही वाडीला पाणी लावून उरलेल्या वेळात. इंग्रजी मला आकड्यांपुरतं वाचता येतं. वाडी भावाने सांभाळली, मी गाडी धरली. तीस वर्षं पालघर स्टेशनवरून माणसं भरायची आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत सोडायची. सकाळी साडेसातला स्टेशनबाहेर. कधी गाडी बंद ठेवली असेल, पण काढली आणि उशिरा गेलो, असं एकदाही नाही. पालघरात कुणालाही विचारा.

आधी माणसं गाडीत पेपर वाचायची नाहीतर घोरायची. मग लॅपटॉप आले. मांडीवर पाट ठेवावा तसा ठेवून सगळे त्यात तोंड घालून बसायला लागले. त्यांना नेट लागायचं, आणि नेट असायचं फोनात. फोनातलं नेट लॅपटॉपला द्यायचं म्हणजे हॉटस्पॉट चालू करायचा. एका साहेबांनी मला ते शिकवलं आणि मी माझ्या गाडीत नेट ठेवायला सुरुवात केली. आमच्या घरी उन्हातून आलेल्याला पाणी दिल्याशिवाय कुणी काही बोलत नाही. गाडीत पाण्याची बाटली होतीच. माझ्या सीटच्या पाठीवर पेंटरकडून लिहून घेतलं: ‘पाणी प्या, नेट घ्या, विचारू नका.’ खाली पासवर्ड. एक ते आठ, ओळीने. मुलगा म्हणाला, “बाबा, असा पासवर्ड कोण ठेवतो?” मी म्हटलं, मी ठेवतो.

पुढे गंमत सुरू झाली. गुजरातेतून पंपांच्या कंपनीचे एक साहेब यायचे, ते मनोर नाक्यावर माझ्या गाडीत बसायचे. एकदा बसले तेव्हा त्यांच्या फोनात दिवसभराचं नेट शाबूत होतं. पालघर येईपर्यंत खलास. लॅपटॉप नुसता उघडा ठेवून ते बाहेर बघत होते, बोटसुद्धा लावलं नव्हतं. मला म्हणाले, “तुम्ही वापरलंत का हो?” मी म्हटलं, “साहेब, माझे दोनी हात स्टेअरिंगवर हायत.”

ते मला लागलं. कुणी हात न लावता एवढं नेट गेलं कुठे? गाडीतून डिझेल गेलं तर खाली डाग पडतो. इथे डाग नाही, वास नाही. मी तीन दिवस ज्याला त्याला विचारत सुटलो. शेवटी कारखान्यांतल्या यंत्रांचे कॉम्प्युटर बघणारे देसाई साहेब होते, त्यांनी समजावलं. फोनला ठाऊक असतं की आपण रस्त्यावर आहोत, जपून खर्च करायला हवा. लॅपटॉपला घर आणि रस्ता कळत नाही. फोनवरून नेट दिलं तरी त्याला वाटतं आपण घरच्या तारेवर आहोत, हवं तेवढं प्यावं. मग मालक बाहेर बघत असताना तो आतल्या आत स्वतःची दुरुस्ती मागवतो, फोटो वर पाठवतो, महिन्याभराचं टपाल उतरवून घेतो.

मी म्हटलं, “म्हणजे वाडी.”

साहेबांना कळलं नाही. मी सांगितलं, पंप लावून पाटाला पाणी सोडलं की ते काय फक्त माडाकडे जात नाही. वाटेत झाडांभोवतीची जेवढी आळी उघडी तेवढ्यांत शिरतं. माडाला हवं असेल तर केळीच्या, पानवेलीच्या, सुपारीच्या आळ्याचं तोंड आधी चिखलाने बंद करायचं. साहेब म्हणाले, “मोरूकाका, एवढं सोपं करून मला पण कुणी सांगितलं नव्हतं.”

तेव्हापासून मी तोंडं बंद करायला शिकलो. इंग्रजी वाचता येत नव्हतं म्हणून चित्रं पाठ केली. ढगाचं चित्र म्हणजे फोटो आणि कागद वर जातात, ते दाबून थांबवायचं. दोन बाण एकमेकांच्या शेपटीमागे धावतात ती दुरुस्ती, तिला रात्री घरी गेल्यावर ये म्हणायचं. नेटच्या नावावर दाबलं की आत एक खटका असतो, तो सरकवला की लॅपटॉपला समजतं की हे नेट मोजून मिळालंय, आणि तो शहाण्यासारखा वागतो. वर उघड्या ठेवलेल्या खिडक्यांची रांग, त्यातली कामाची एक ठेवून बाकी बंद. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जे उतरवायचं ते निघण्याआधी घरी उतरवून घ्यायचं. ट्रेनने येताना वैतरणेच्या पुलावर नेट मधोमध पाण्यात पडतं, मग बोंब मारून काय उपयोग? पदवीधर माणसं गाडीत बसायची आणि मी आरशातून विचारायचो, “ढग बंद केला का?”

खरं सांगतो, आजही हे सगळं मला पचलेलं नाही. मी काचेबाहेर बघतो. ताडाची झाडं, भाताची खाचरं, वर घार. मधे काहीच नाही. आणि त्या काहीच नाहीमधून अख्ख्या कारखान्याचा नकाशा येतो, माणसाचं तोंड येतं, त्याचं हसू येतं. आणि आमच्या गाडीच्या पत्र्यातून आत शिरताना त्याला ओरखडासुद्धा उठत नाही. देवळात मी एवढा गप्प उभा राहिलो नसेन जेवढा कधी कधी त्या लॅपटॉपकडे बघत राहिलोय.

तर त्या दिवसाचं. मार्चचं ऊन. केळव्याच्या कोळीवाड्यातली वैशाली, हरी तांडेलची मुलगी, दुपारी एकला लॅपटॉप छातीशी धरून माझ्या दारात आली. पोरीच्या आजीने डोक्यावर टोपली घेऊन बोंबील विकले, बाप अजून बोटीवर जातो, आणि ही पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून कारखान्यांतल्या पाइपांचे नकाशे काढायची. सहा महिने कच्ची होती. दोन वाजता तीन साहेबांसमोर लॅपटॉपवर बसून आपलं काम दाखवायचं, मग पक्की. मागच्या वेळी घरचं नेट अर्ध्यात गेलं होतं आणि तिची मुलाखत तिथेच संपली होती. आज रस्ता खणणाऱ्यांनी गावाची तारच तोडली.

“काका, बोईसरला मावशीकडे सोडा. तिच्याकडे तारेचं नेट हाय. आज नाय झालं ना, तर परत नाय बोलावणार ते. तसं लिवलंय त्यांनी.”

“तुझ्या फोनात हाय ना पण थोडं?”

तिने मान खाली घातली. “सकाळी लॅपटॉपला लावलं होतं. सगळं पिऊन बसला.”

“दोन बाण फिरत होते?”

“होय.”

“मग मला विचारायचं नाय आदी? चल बस. माज्या फोनात सकाळपासून एक थेंब खर्च नाय झाला.”

पालघर सोडलं, उमरोळीच्या पुढे गेलो आणि सगळं थांबलं. एक ट्रेलर रस्त्यात आडवा झाला होता. पावणेदोन. पुढे जायला जागा नाही, मागे वळायला नाही. वैशालीचे डोळे भरले. मी गाडी बंद केली, मागून भावाची सुपारीची रिकामी करंडी काढली, तिच्या पुढ्यात पालथी घातली आणि म्हटलं, “ठेव यावर. मावशी गेली खड्ड्यात. इथनंच दाखव.”

मी स्वतः सगळी तोंडं बंद केली. ढग, बाण, खटका, खिडक्या. तिला म्हटलं, “आता फक्त तुज्या माडाला पाणी.” काचा लावून घेतल्या. आत भट्टी झाली.

दोनला तीन चेहरे आले. दोन पुरुष, मधे एक बाई, चष्म्याची. बाईंनी विचारलं, “तुम्ही कुठे बसला आहात?”

“काकांच्या गाडीत, मॅडम. रस्ता बंद झालाय.”

ते हसले. म्हणाले, चालेल, सुरू करा.

आणि पोरगी जी सुरू झाली! मी आरशातून बघत होतो. तिने एक अख्खा कारखाना पडद्यावर उभा केला, लाल, निळे, पिवळे पाइप, आणि बोटाने तो असा गरगर फिरवला की मला सीट धरावीशी वाटली. इथे वाफ येते, इथे थंड होते, इथे व्हॉल्व्ह चुकीचा होता तो मी हलवला. ज्या कारखान्यांच्या गेटवर मी तीस वर्षं माणसं उतरवली, त्यांच्या पोटात काय आहे ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, तेही कोळीवाड्यातल्या पोरीच्या पुढ्यात, सुपारीच्या करंडीवर. मला खोकला आला होता, तो मी गिळला.

आमच्याकडे रस्ता बंद झाला की मागची गाडी मागे थांबत नाही, उलट्या बाजूने पुढे येऊन शेजारी उभी राहते. तशी तीनच्या पाळीची कामगारांची बस आली आणि खिडकीला खिडकी लावून थांबली.

पाच मिनिटं गेली असतील. चष्म्याच्या बाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आवाज तुटला. मग तिघेही गेले.

“काका!”

मी फोन बघितला. दिवसाचं नेट संपल्याचा निरोप आला होता. कसं शक्य आहे? मी हॉटस्पॉट उघडला. किती जण जोडलेत त्याचा आकडा तिथे असतो, आणि आकडे मला वाचता येतात. आठ. आठातला एक वैशालीचा. मग हे सात कोण?

मी वर बघितलं. बसच्या प्रत्येक खिडकीत एक वाकलेली मान आणि हातात फोन. बस चुकली की हीच पोरं माझ्या गाडीतून जायची. पाटी वाचून त्यांनी कधी ना कधी एक ते आठ मारलं होतं. फोन एकदा ओळख झाली की विसरत नाही; मालकाला न विचारता जुन्या घरात शिरतो.

मला त्या वेळी हे काही सुचलं नाही. मी दार उघडून उतरलो आणि बसच्या पत्र्यावर हात मारला.

“मेरा नेट कौन पी रहा है? बंद करो! चोर साले!”

सगळ्या माना वर आल्या. सगळ्यात जवळच्या खिडकीत एक तिशीचा बारीक माणूस होता. त्याच्याही हातात फोन होता. मी त्याच्याकडे बोट केलं. “तू! चोर!”

“काका, हम टाइम देख रहे थे।”

“टाइम देखने को नेट लगता है क्या?”

मागून कुणीतरी म्हणालं, “काका, आप ही ने तो लिखवाया है, विचारू नका।” बसमध्ये हसू फुटलं. मला घाम आला तो उन्हाचा नव्हता. लॅपटॉपमधली सगळी तोंडं मी बंद केली होती, आणि पाट जिथून निघतो तिथला बांध मीच फोडून ठेवला होता. वर पाटी लावून.

वैशाली दारात उभी होती, फोनवर रिचार्ज मारायला बघत होती, आणि गोल चक्र नुसतं फिरत होतं. बसमधल्या पोरांनी ते बघितलं. हसू बंद झालं. एकाने विचारलं काय झालं, तिने सांगितलं, इंटरव्ह्यू चालू आहे. सातांतल्या सहाजणांनी आपापले फोन बघितले. रोजचं नेट मिळणारी पोरं ती, दुपारपर्यंत त्यांचंही संपलेलं. माझंच प्यायला आली होती म्हणजे बघा.

मग तो खिडकीतला बारीक माणूस उतरून आला. “हमारा लीजिए।”

त्याचं नाव रामप्रवेश. त्याच्याकडे दुसऱ्या तऱ्हेचं नेट होतं. काहींना रोज थोडं मिळतं, रात्री बारानंतर नवं. काही जण महिन्याचं एकत्र घेतात आणि पुरवून पुरवून वापरतात. ह्याने पुरवलेलं होतं. मी विचारलं, तुझ्या फोनात काय काय उघडं आहे? तो म्हणाला, “सब बंद रहता है काका। हम देख-देख के खर्च करते हैं।” मी बघितलं. ढग बंद, बाण बंद. माझ्यापेक्षा कडक. फक्त माझं नेट ओळखण्याचं एक तोंड उघडं राहिलं होतं, आणि त्याला मी चोर म्हणालो होतो.

“पासवर्ड?” वैशालीने विचारलं.

“लाडली, एक-दो-तीन। बेटी का नाम है।”

ती जोडली गेली. चष्म्याच्या बाई परत आल्या. म्हणाल्या, “आम्ही थांबलो होतो.” मी हळूच वैशालीला म्हटलं, “तुजं तोंड बंद कर, नुस्ता नकाशा दाखव. तोंडाला फार नेट जातं.” तिने त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे.

तेवढ्यात पुढून शिट्या झाल्या. ट्रेलर हलला. बसच्या ड्रायव्हरने हॉर्न मारला. रामप्रवेशने एकदा बसकडे बघितलं, एकदा करंडीवरच्या आपल्या फोनकडे, आणि ड्रायव्हरला हाताने जा म्हणून सांगितलं. गाडीत माझ्या शेजारी येऊन बसला. बस गेली. तीनला त्याला गेटवर हजर व्हायचं होतं.

मी तेवढी सावकाश गाडी आयुष्यात चालवली नाही. मागच्यांनी शिव्या दिल्या, दिल्या. कुठे टॉवर आहे, कुठल्या वळणावर रेंज सोडते, कुठे डावीकडून चाललं तर धरून ठेवते, हे मला हाताच्या रेषांसारखं ठाऊक होतं आणि ते सगळं ठाऊक असणं त्या अर्ध्या तासासाठीच होतं असं मला वाटलं. एका बाजूला पुण्यातली तीन माणसं. मधे कोळीवाड्यातली पोर. आणि ते सगळं चाललंय कशावर, तर बिहारमधल्या एका माणसाने महिनाभर जपून साठवलेल्या, न दिसणाऱ्या एका गोष्टीवर, आणि तो माणूस माझ्या शेजारी मांडीवर डबा घेऊन गप्प बसलाय. माझ्या अंगावर काटा आला. अजून येतो.

बोईसरच्या अलीकडे वैशाली “थँक यू सर, थँक यू मॅडम” म्हणाली आणि लॅपटॉप मिटून रडली. मग हसली. रामप्रवेशने फोन घेऊन बघितला.

“कितना बचा?” मी विचारलं.

त्याने रिकामा पंजा हलवला.

मी म्हटलं, दुकानात थांबतो, भरून देतो. तर म्हणाला, “छोड़िए काका। आपने कभी लिया है हमसे?”

“अरे पण रखा था ना किसी काम के लिए?”

तो थोडा लाजला. मग सांगितलं. मुलगी पाच महिन्यांची. झाल्यापासून त्याने तिला हातात घेतलेली नाही. रोज सकाळी सव्वासातला तिची आई तिला अंगणात आंघोळ घालते, तेव्हा हा पालघरातल्या खोलीतून बघतो. खोलीतले बाकीचे दोघे तेव्हा झोपलेले असतात, त्यांना उठवत नाही. “बस नहाने का टाइम देखते हैं। उतने का ही रखते हैं।”

गेटवर पोचलो तेव्हा सव्वातीन झाले होते. मी उतरून सुपरवायझरला सांगितलं, माझ्यामुळे उशीर झाला. त्याने वाकडं तोंड केलं आणि रामप्रवेशला आत घेतलं.

वैशाली पक्की झाली. पत्र आठवड्याने आलं, सोबत तिच्या बापाने दोन सरंगे मासे पाठवले. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी मी घरी बायकोला सगळं सांगितलं, नकाशा, टॉवर, सावकाश गाडी. ती चिंचा सोलत होती. शेवटी म्हणाली, “आनि त्या मानसाची माफी मागितलीत का तुमी?”

“त्याला पार गेटपर्यंत सोडला मी.”

“ते नाय विचारलं.”

मी उठून बाहेर गेलो. मी कुणाची माफी मागितलेली नाही. भावाची नाही, मुलाची नाही, तिची तर नाहीच. मला ते येत नाही. आणि माझ्या फोनात तेव्हा थेंबभरही नेट नव्हतं, बारा वाजल्याशिवाय येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी, त्याने आदल्या दिवशी वाटेत सांगितली होती त्या, पालघरातल्या भाताच्या गिरणीमागच्या चाळीत गेलो आणि तिसरं दार वाजवलं. रामप्रवेश दात घासत बाहेर आला. मला बघून घाबरला.

“क्या हुआ काका?”

मी हॉटस्पॉट चालू केला आणि माझा फोन त्याच्यासमोर धरून उभा राहिलो.

तो मग तोंड धुऊन आला, आपला फोन काढला. “पासवर्ड वही है?”

“वही है।”

आम्ही दोघे दाराबाहेरच्या पायरीवर बसलो. आधी चक्र फिरलं, मग अंगण आलं. हातपंप, एक बकरी, ॲल्युमिनियमचं घमेलं. एका बाईने मला बघून पदर पुढे ओढला, रामप्रवेश काहीतरी म्हणाला, मग तिने पदर मागे सारला आणि पोरीला उचलून आमच्यासमोर धरलं. पोरगी माझ्याकडे बघत होती. इतक्या लांबून, सरळ माझ्याकडे. तांब्यातलं पाणी तिच्या पाठीवर पडलं तसा तिने श्वास घेतला, तो मला ऐकू आला.

माझा फोन थरथरला. साडेसात होऊन गेले होते. स्टेशनवरून देसाई साहेब. कॉल घेतला असता तर नेट अडखळलं असतं. मी कापला. परत आला, परत कापला.

अजून तिच्या डोक्यावरून पाणी घालायचं राहिलं होतं.